त्यात औषध होतं

आईचा उजवा हात मिटला तेव्हा मी मोखाड्यात वर्गावर होते. दादाचा फोन आला, मी मिळेल ती जीप धरून जव्हारला पोचले, तोवर तिला सरकारी दवाखान्यातल्या कॉटवर झोपवलं होतं आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. जीव वाचला. बोलणं हळूहळू ताळ्यावर आलं, पायही काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र मिटला तो मिटलाच. अंगठा आत आणि त्यावर चार बोटं, अशी घट्ट मूठ. नखं कापायची म्हटली तरी एकेक बोट उचलून धरावं लागायचं आणि ती कळवळायची.

तिला भरवायची वेळ आली. एरवी दादा किंवा वहिनी, शनिवार-रविवारी मी. आई मुकाट्याने भरवून घ्यायची, पण घरातले सगळे जेवून उठल्याशिवाय ताटाला बसायची नाही. "मला एवढ्यात भूक नाही," म्हणायची. एकदा शेजारीण न विचारता थेट आत आली. आईच्या तोंडात नुकताच घास दिलेला होता. ती बाई जाईपर्यंत आईने तो चावला नाही की गिळला नाही, तसाच गालात धरून बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. डाव्या हाताने खाऊन बघ, असं मी एकदाच सुचवलं होतं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यानंतर पुन्हा तो विषय काढायची माझी छाती झाली नाही. "माझ्या हातानं जेवले की मी बरी झाले," एवढी तिची बरं होण्याची व्याख्या होती. बीपीचे आकडे डॉक्टरांनी बघावेत, तिला त्यात रस नव्हता.

आता वहिनीबद्दल. बाजारपेठेतलं आमचं किराणा दुकान वडील गेल्यावर बंदच पडलं होतं, कारण दादा पडला सरकारी कचेरीतला. वहिनीने ते उघडलं, पण निराळ्या थाटात. पुढच्या भागात नाचणी, वरई, तांबडा भात, खुरासणीचं तेल, मध, असं सगळं आसपासच्या पाड्यांवरून आणलेलं, बरण्यांमधून ठेवलेलं. प्लॅस्टिकची पिशवी औषधालाही मिळायची नाही. गिऱ्हाइकाने आपली पिशवी, आपली बाटली आणायची आणि भरून न्यायची. मागच्या खोलीत तिने एक लाकडी बाक आणि वाफेची पेटी आणून ठेवली. नाशिकला जाऊन ती कसलासा कोर्स करून आली आणि दारावर 'वेलनेस' अशी पाटी लागली. सुट्टीला नाशिक-मुंबईकडून जव्हार बघायला येणारी मंडळी नाचणीचे लाडू घ्यायची, मग मागे जाऊन अंग रगडून घ्यायची, वाफ घ्यायची आणि खूश होऊन जायची. आई त्याला 'वेळनेस' म्हणायची. "वेळ नसलेल्यांसाठी आहे ना ते?" असं तिने एकदा विचारलं तेव्हा ती चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी वहिनीची पुष्कळ थट्टा केली. पूर्वी याच दुकानात वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या जायच्या, त्याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं, असं मी तिला ऐकवायची. ती हसून सोडून द्यायची. खरं म्हणजे आईचं दुखणं आलं तेव्हा रोज तिचं अंग पुसणारी, तिला संडासला नेणारी वहिनीच होती. मी आपली शनिवारी येऊन शेरे मारणारी. त्यामुळे तिच्या धंद्याचं मला हसू आलं तरी तिच्यावर राग धरायला जागा नव्हती.

मावशी आमच्याकडे आली ती याच दुकानामुळे. नात्यातली नव्हे, पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर राहणारी, वयाने आईपेक्षा थोडी लहान. ती नाचणी घेऊन यायची आणि मोहाच्या बियांचं तेल. पाड्यावर बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना तेल लावायचं काम ती वर्षानुवर्षं करत आलेली. एक दिवस पैसे घ्यायला थांबली असताना तिने दुकानाला लागून असलेल्या आमच्या घरात खाटेवर आईला बघितलं. सरळ जाऊन शेजारी बसली, ती मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली आणि नुसती धरून राहिली. बराच वेळ काही केलंच नाही. मग म्हणाली, "मोठी बाय, जोर नको करू. तू उघडाया बघते ना, म्हनून ती मिटते."

त्या दिवसापासून मावशी आठवड्यातून दोन-तीनदा यायला लागली. वहिनीने तिला मागच्या खोलीतही काम दिलं, पण आधी आई, मग गिऱ्हाइकं, हे ठरलेलं. थंडीत ते तेल तुपासारखं थिजायचं. मावशी बाटली कोमट पाण्यात उभी करायची, तेल सुटलं की तळव्यावर घ्यायची आणि दंडापासून खाली यायची. मुठीला शेवटी हात लावायची. दोघींच्या गप्पा चालायच्या. मावशीचा जावई आणि मुलगी दिवाळी झाली की नाशिककडे द्राक्षाच्या बागांवर जायची. आईला त्या बागांचं भारी कुतूहल. द्राक्षं फुकट खायला मिळतात का, हा तिचा पहिला प्रश्न होता.

आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मी शनिवारी यायची तेव्हा आई हात पदराबाहेर काढून मला दाखवायची, नवीन बांगडी दाखवावी तसा. डॉक्टरही म्हणाले, चांगलं आहे, गोळ्या मात्र सोडू नका. गोळ्या कुणी सोडल्या नव्हत्या, त्या बाबतीत वहिनी पक्की होती. आणि मग पौष महिन्यातल्या एका संध्याकाळी आईने सांगितलं, "माझं ताट सगळ्यांबरोबर वाढा." आम्ही बसलो. तिने भाकरीचा तुकडा अंगठा आणि दोन बोटांच्या मध्ये अडकवला, आमटीत बुडवला, आमटी कोपरापर्यंत ओघळली. तुकडा तोंडात गेला.  अर्धी भाकरी तिने तशी खाल्ली आणि उरलेली वहिनीला भरवायला सांगितली, सगळ्यांच्या देखत.

या सगळ्यात एका बाटलीने शिरकाव केला.

वहिनीचा एक नियम होता. कुणीही बाटली भरायला आणली, किंवा बाटलीतून काही विकायला आणलं, की ती विचारायची, "याच्यात आधी काय होतं?" रॉकेल, फिनेल असं काही निघालं तर बाटली परत. सरबत, मध, औषध असेल तर चालायचं. मावशी नेहमी एका जुन्या काचेच्या बाटलीतून तेल आणायची, ती जीपमध्ये फुटली. पुढच्या खेपेला तिने निराळीच बाटली आणली. ॲल्युमिनियमची, चकचकीत, फिरकीचं घट्ट बूच असलेली. राखेने घासून घासून तिने तिच्यावर आरसा केला होता. वहिनी बघतच राहिली. प्लॅस्टिक नाही, फुटायचं भय नाही, वर दिसायला देखणी. तिने बूच उघडून वास घेतला. मोहाच्या तेलाचा वास असा उग्र असतो की त्यात दुसरं काही कळणं शक्य नव्हतं.

"मावशी, याच्यात आधी काय होतं?"

"औषध व्हता, बाय. जावयानं आनली नाशकाहून. चांगली धुवली मी, दोन-तीन डाव राखंनी."

"औषध ना? मग काही हरकत नाही," वहिनी म्हणाली आणि बाटली पाण्याच्या पातेल्यात उभी केली. मी तिथेच चहा पीत होते. आई खाटेवर हात पुढे करून बसली होती. आम्ही सगळ्यांनी तो शब्द ऐकला आणि सगळ्यांनी आपापला अर्थ लावला.

त्या दिवशी आईला जरा सर्दी होती. वहिनीने सुचवलं की हाताबरोबर पाठ आणि पायही चोळा, मग थोडी वाफ देऊ, अंग मोकळं होईल. मावशीने चांगलं अंगभर तेल लावलं. वहिनीने आईला वाफेच्या पेटीत बसवलं, फक्त मान बाहेर. आई म्हणाली, "झाले बाई मी पण वेळनेसवाली." मी हसले. मावशी तिची जीप गाठायला गेली, मी भाजी आणायला बाहेर पडले.

परत आले तर आई खाटेवर आडवी होती आणि तिच्या तोंडातून लाळ वाहत होती. आधी वाटलं, पुन्हा पक्षाघाताचा झटका आला.  पण हा प्रकार निराळा होता. ती घामाने निथळत होती, ओकत होती, हाता-पायांतले स्नायू कातडीखाली फडफडत होते. दादाने तिला उचललं, आम्ही रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि लगेच वळून विचारलं, "यांनी काही औषध घेतलंय का?"

"हो, घेतात ना," वहिनी म्हणाली, "बीपीचं रोज घेतात. एक दिवस चुकवत नाहीत."

"तसलं नाही, ताई. औषध. फवारायचं."

वहिनीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं आणि ती तिथेच फरशीवर बसली. आमच्याकडे कुणी औषध प्यायलं असं कानावर आलं तर कोणी बीपीच्या गोळ्यांचा विचार करत नाही. लोक सरळ त्या घराकडे धाव घेतात. शेतावर औषध मारतात, बागेवर औषध मारतात. हे वहिनीला माहीत होतं. मला माहीत होतं. मी तर मुलांना मराठी शिकवते. पण दुकानात, बरण्यांच्या मध्ये, ती पाटी लावलेल्या दाराशेजारी उभं राहून तो शब्द ऐकला की त्याचा एकच अर्थ निघत होता.

डॉक्टरांना आम्ही बाटलीचं सांगितलं. तेलात ते विष चांगलंच मुरतं, ते म्हणाले, आणि वरून वाफ दिल्यामुळे अंगात आणखी भिनलं. नर्सनी आईला साबणाने पुन्हा पुन्हा धुतलं. इंजेक्शनं सुरू झाली. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. दादा वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होता आणि मध्येच थांबून म्हणत होता, "ती बाई कोण कुठली, तिच्या हातात आईला दिलीच कशी?"  दुसऱ्या दिवशी आईने पाणी मागितलं, तेव्हा कुठे आम्ही खाली बसलो.

मावशीचेही हात त्याच तेलात होते, हे डॉक्टरांनी विचारेपर्यंत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मोखाड्याला जाताना मी वाटेत उतरून तिच्या पाड्यावर गेले. खोटं कशाला बोलू, मी भांडायला निघाले होते. राखेने विष जातं का, एवढी अक्कल नाही का, असं सगळं मनात जुळवत चढ चढले. मावशी ओटीवर घोंगडी पांघरून बसली होती. डोळे खोल गेलेले. त्या रात्रीपासून तिलाही ओकाऱ्या झाल्या होत्या, घरच्यांना वाटलं काहीतरी बाधलं असेल, दवाखान्यात कुणी नेलं नव्हतं. आईला बाटलीतलं विष बाधलं, हे माझ्याकडून ऐकून तिने आधी आपल्या हातांकडे बघितलं.

"मोठी बाय हाये ना?" तिने विचारलं.

"आहे. वाचली."

तिने घोंगडी आणखी आवळून घेतली. मग म्हणाली, "मी सांगतला व्हता बायला. औषध व्हता म्हनून."

"विष होतं म्हणून सांगायचं ना, मावशी."

"विष कसा म्हनू? शेठ जावयाला औषध म्हनूनच देतो मारायला. बाय बोलली हरकत नाय. मला वाटला, तिनं कोर्स केलाय, तिला कळत आसल."

मला राग होताच, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. तिने बाटली आणायला नको होती, हे खरं. वहिनीने एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता, हेही खरं. चूक अशी दोघींमध्ये अर्धी अर्धी वाटता आली असती तर बरं झालं असतं. मी तिला बळेच जीपमध्ये घालून मोखाड्याच्या दवाखान्यात दाखवलं आणि शाळेत उशिरा पोचले.

आई घरी आली. वहिनीने बरण्यांशेजारच्या भरून घ्यायच्या साऱ्या बाटल्या काढून टाकल्या आणि तेल सीलबंद पिशव्यांतून, प्लॅस्टिकच्या, विकायला ठेवलं. वाफेची पेटी माळ्यावर गेली. गिऱ्हाइकं विचारायची, पूर्वी तुम्ही बाटली भरून द्यायचात ना? ती म्हणायची, बंद केलं. मला आता तिची थट्टा करवत नव्हती. दादाने मावशीला घरात पाऊल टाकू द्यायचं नाही असं बजावलं होतं, आणि वहिनीनेही मान डोलावली होती, कारण आपल्यावरचा दोष कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल.

आईच तेवढी मावशीच्या बाजूने होती. "तिने खरं तेच सांगितलं होतं," ती सारखी म्हणायची. "तिला बोलवा. माझा हात पुन्हा मिटत चालला." आणि हात खरोखरच चालला होता. दवाखान्यातून आल्यापासून बोटं पुन्हा आत ओढली जात होती. वहिनी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून घ्यायची, पण आई कळवळली की वहिनी घाबरून सोडून द्यायची. तिचा स्वतःच्या हातांवरचा भरवसाच उडाला होता. ताट पुन्हा सगळ्यांच्या नंतर वाढलं जाऊ लागलं. होळीच्या सुमाराला करंगळी तेवढी बाहेर राहिली होती, आणि आई रोज विचारायची, "निरोप धाडला का?"

शेवटी वहिनीच दादाशी भांडली. मला वाटलं नव्हतं ती भांडेल. "आईंचा हात गेला तर तो कुणी घालवला म्हणायचं, तिने की आपण?" एवढंच ती म्हणाली आणि दादाने हरकत सोडली. तिने मोहाच्या बिया स्वतः विकत घेतल्या, घाण्यावर उभं राहून तेल काढून घेतलं, नव्या स्टीलच्या डब्यात भरलं. निरोप मी घेऊन गेले. मावशी आधी नाही म्हणाली. आईने बोलावलंय म्हटल्यावर उठली.

शनिवारी ती माझ्याबरोबरच जीपने आली. दारात चप्पल काढून तिने अंगणातल्या नळावर साबण मागून घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. वहिनीने डब्याचं झाकण तिच्यासमोर उघडलं, घाण्याचं नाव सांगितलं, बिया कुणाच्या तेही सांगितलं. मावशी मान हलवत ऐकत होती. आई खाटेवर नीट बसलेली, केस विंचरलेले, सकाळपासून वाट बघत होती. मावशीला बघून तिचे डोळे भरून आले. "किती वाळलीस गं," म्हणाली. मावशी शेजारी बसली. तेल कोमट केलेलं होतं. तिने ते डाव्या तळव्यावर ओतून घेतलं आणि उजवा हात आईपुढे धरला.

आईने हात दिला नाही.

तिला द्यायचा होता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, तिला द्यायचाच होता. तिने डाव्या हाताने उजवा मनगटापाशी धरला, जरा उचलला आणि मग तोच डावा हात त्याला ओढून पदराखाली घेऊन गेला. तेलाच्या वासाने तिला कोरडी उबळ आली. "आज नको," ती म्हणाली. "आज जरा बरं वाटत नाहीये." मावशी "बरं" म्हणाली. वहिनी म्हणाली, "आई, तेल मी स्वतः काढून आणलंय." आई म्हणाली, "माहीत आहे गं मला. माहीत आहे." आणि रडायला लागली, पण हात पदराबाहेर आला नाही.

मावशीच्या तळव्यावर तेल तसंच होतं.  मग तिने लुगडं वर सारलं आणि ते तेल आपल्याच पायांना चोळायला घेतलं. घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत, सावकाश, आईच्या दंडाला लावायची तसं, शेवटचा थेंब मुरेपर्यंत. आई रडता रडता ते बघत होती. मग मावशी उठली, वहिनीने दिलेला चहा उभ्यानेच प्यायली आणि जीपवर गेली. मी तिला सोडायला गेले नाही. आईच्या मुठीतली नखं वाढली होती आणि ती कापायला दोघीजणी लागायच्या.